आधी कान, मग जीभ, मग वही

मराठी माध्यमातून आलेल्या कॉलेजच्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे ही मुलं धडा वाचतात, प्रश्नोत्तरं लिहितात. पण ‘स्वतःबद्दल चार वाक्यं बोल’ म्हटलं की गप्प होतात. नियम पाठ असतात, तोंडाला सवय नसते.

म्हणून आमचं काम कानापासून सुरू होतं. बीबीसीच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’मधला छोटा तुकडा मजकूर न बघता ऐकायचा. मग एकेक वाक्य थांबवून त्याच चालीत म्हणायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि मूळ आवाजाशी ताडून बघायचं. मराठीत आपण शब्दातली अक्षरं जवळपास सारख्या जोराने उच्चारतो. इंग्रजीत एका ठिकाणी जोर पडतो, बाकीचा शब्द दबतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो सुरुवातीला, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अक्षरावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेस्ट’ म्हणताना ओठ गोल होतात; हे आरशात बघितलं की लगेच कळतं. ‘झू’, ‘झीरो’ मात्र आपल्याला सोपे जातात, कारण ‘जहाज’मधला ज त्यांच्या पहिल्या आवाजाच्या जवळचा आहे.

लेखनाची रीत जुनीच आहे. चांगला परिच्छेद वाचायचा, मुद्दे टिपायचे, मूळ बाजूला ठेवायचं. काही दिवसांनी तोच मजकूर स्वतः लिहून मुळाशी ताडायचा. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी ‘स्पेक्टेटर’मधल्या निबंधांवर असाच अभ्यास केला होता, आत्मचरित्रात त्याने तो सांगितला आहे. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ हमखास गळतात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’सारखी वाक्यंही वारंवार येतात. मी सगळी वही लाल करत नाही. एक आठवडा फक्त आर्टिकल, पुढचा आठवडा फक्त काळ. खुणा मुलांनीच करायच्या. स्वतः शोधलेली चूक पुढच्या वेळी हात आपोआप टाळतो.

घरच्यांना माझी एकच विनंती आहे. मूल इंग्रजी बोलायला लागलं की मध्येच अडवू नका, हसू तर मुळीच नका. वाक्य पुरं होऊ द्या, मग चूक सांगा. बोलण्याची भीती एकदा बसली, की ती घालवायला व्याकरण शिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.