उन्हाळ्याची ठेव, हिवाळ्याचा आधार

मे महिन्याच्या भर दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी पाय पडला तर कसा चटका बसतो, हे आपणांस सांगायला नको. काळे डांबर ऊन शोषून घेते आणि रात्री ती सारी उष्णता हवेत जाते. ती साठवून हिवाळ्यात वापरली तर? स्वित्झर्लंडमध्ये हा प्रयोग प्रत्यक्षात झाला आहे.

त्या देशात थुन सरोवराच्या काठी डारलिगेन येथे महामार्गावर एक पूल आहे. थंडीत साध्या रस्त्याआधी पूल गोठतो. रस्त्याला खालच्या जमिनीची ऊब मिळते. पुलाला मात्र वरून आणि खालून गार वारा लागतो. बर्फाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही. रस्ता नुसता ओला आहे असे चालकाला वाटते. ब्रेक दाबताच गाडी घसरते आणि पहाटे कामावर निघालेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे मीठ टाकणे. मिठाचे पाणी शून्य अंशालाही गोठत नाही. परंतु तेच मीठ पुलाच्या काँक्रीटमध्ये झिरपून आतील लोखंडी सळया गंजवते आणि आसपासच्या माती-पाण्यातही उतरते.

म्हणून 1994 साली डारलिगेनच्या पुलावर सुमारे 1,300 चौरस मीटर रस्त्याच्या पोटात नळ्या बसविण्यात आल्या. उन्हाळ्यात त्यांतून फिरणारे द्रव तापलेल्या रस्त्याची उष्णता घेते. शेजारच्या खडकात 65 मीटर खोल अशी 91 छिद्रे पाडलेली आहेत. तेथे ती उष्णता जमा होते. हिवाळ्यात तेच द्रव खडकातील ऊब रस्त्याला परत देते. ही जणू बँकेतील ठेवच! थोडी गळती होते, पंपाला वीजही लागते. पण मूळ भांडवल सूर्याचे, म्हणजे फुकटचे.

यात एक शहाणपण आहे. 1 किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात 1 किलो पाणी 0 पासून 80 अंशांपर्यंत तापते. म्हणून बर्फ जमल्यावर वितळविण्यापेक्षा तो जमूच न देणे स्वस्त पडते. रस्ता शून्याच्या किंचित वर राहिला तरी पुरे.

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे जमिनीतील गरम पाण्याने घरे उबदार ठेवतात. घरांतून बाहेर पडणारे पाणी तेव्हाही सुमारे 35 अंश गरम असते. ते पदपथांखालील नळ्यांना ऊब देते आणि वर बर्फ टिकत नाही. गाडी नसलेली म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले न घसरता चालू शकतात.

अशा नळ्या टाकण्याचा खर्च मोठा असतो. त्यामुळे सगळ्याच रस्त्यांना त्या परवडणार नाहीत. पूल, चढ, इस्पितळाचे दार अशा धोक्याच्या जागी मात्र हा खर्च सार्थकी लागतो. हाडे मोडल्यावर दवापाणी करण्यापेक्षा पाय घसरूच न देणे केव्हाही चांगले, नाही का?