खालिदभाईंचा फुटबॉल

यंत्रमागांच्या आमच्या नारपोलीत फुटबॉल बघणारे आम्ही मोजकेच. बहुतेकांचा जीव युरोपातल्या क्लबांवर. भारताच्या संघाचं नाव काढलं की हसतात. त्यामुळे १ ऑगस्ट २०२५ला खालिद जमील राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा हा माणूस मुंबईच्या मैदानांवर घडलाय, हे मलाच घसा कोरडा करून सांगावं लागलं.

खालिदभाईंचा जन्म १९७७चा, कुवेतमधला. आखाती युद्धानंतर कुटुंब मुंबईत आलं. खेळायचे मिडफिल्डला: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा, शेवटी मुंबई एफसी. भारताकडूनही खेळले. जर्सीवर मद्यकंपनीचं नाव नको म्हणून कोलकात्याच्या बड्या क्लबांना त्यांनी नकार दिला, असं सांगतात. गंमत म्हणजे पुढे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही संघांचे ते प्रशिक्षक झाले.

२००९मध्ये मुंबई एफसीनेच त्यांच्या हाती संघ सोपवला. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू नाहीत. तरी सात वर्षं त्यांनी संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये, टिकवला. त्यांचा खेळ देखणा कधीच नव्हता. मागे दाटी करायची, बॉल मिळाला की सरळ पुढे धाडायचा. आमच्याकडे लूमच्या खात्यात एखादा जॉबर असतो. नवे सुटे भाग मागत बसत नाही, जुना माग चालता ठेवतो. खालिदभाई त्या जातकुळीचे.

मुंबईने २०१६मध्ये निरोप दिला आणि ते गेले थेट मिझोरमला. आयझॉल एफसी आदल्या मोसमात लीगबाहेर पडला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. त्याच संघाने २०१७ची आय-लीग जिंकली! घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० हरवलं, शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये १-१ बरोबरी साधली आणि एका गुणाने करंडक उचलला. ईशान्येतल्या क्लबने देशाची अव्वल लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. माझ्या मते भारतीय क्लब फुटबॉलमध्ये याहून मोठा चमत्कार झालेला नाही.

त्यानंतर नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची परदेशी माणसाचीच, असा रिवाज पडला होता. तो त्यांनी मोडला. राष्ट्रीय संघाचंही तेच. गोव्याचे सावियो मेदेइरा २०१२मध्ये पायउतार झाले, त्यानंतर तेरा वर्षं एकही भारतीय या पदावर नव्हता.

मात्र क्लब चालवणं वेगळं, देशाचा संघ वेगळा. क्लबमध्ये खेळाडू रोज समोर असतात, नसलेला विकत आणता येतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला मधूनमधून थोडे दिवस मिळतात, तेही क्लबांनी खेळाडू सोडले तर. खालिदभाईंच्या पहिल्याच शिबिराला मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. तरीही मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात केली.

आनंद फार टिकला नाही. आशियाई कप पात्रतेत, खालिदभाई येण्याआधीच्या दोन सामन्यांतून, भारताकडे फक्त एक गुण होता. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी तिथे १-१ बरोबरी झाली, मग घरी, गोव्यातल्या फातोर्ड्यात, १-२ हार. पात्रता तिथेच संपली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० हरवलं.

खड्डा आधीच खणलेला होता, हे मान्य. बचाव शिबिरात बसवता येतो, गोल करणारा स्ट्रायकर तिथे घडत नाही. त्यासाठी लीगमध्ये भारतीय पोरांना पुढे खेळवावं लागतं, आणि ते काम क्लबांचं आहे. पण फातोर्ड्यात भारताच्या छांगटेच्या गोलने आघाडी मिळाल्यावरही सामना गमावला. बचावासाठीच नावाजलेल्या प्रशिक्षकाला त्या हारीचा जाब द्यावाच लागेल.