पेला धरण्याची रीत

द्राक्षांच्या मद्याचा विषय कौटुंबिक मासिकांत कशास हवा, असें आमच्या कांहीं वडील वाचकांस वाटेल. परंतु हल्लीं मुलें, सुना, जांवई नोकरीनिमित्त देशोदेशीं जातात. येथें छत्रपती संभाजीनगरांतहि व्यवसायाच्या मेजवान्यांत वाइनचे पेले मांडलेले दिसतात. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण आखल्यापासून नाशिककडे हा धंदा चांगलाच वाढला आहे. आमच्या माहितीच्या एका घरांतील तरुणानें पहिल्याच मेजवानींत, वरिष्ठांना नको कसें म्हणावें हें न कळल्यामुळें, तीन पेले रिचविले. आणि पुढें दोन दिवस तो वडिलांच्या समोर आला नाहीं. जें घरीं सांगितलें जात नाहीं, तें असें बाहेर शिकावें लागतें.

ही वस्तु आपल्या देशास नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटलें असून कापिशायन व हारहूरक अशीं त्याचीं नांवें दिलीं आहेत. आपल्याच जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पोषाखांतील मंडळी पेले घेऊन बसलेली दिसते. स्मृतिकारांनीं सुरापान महापातकांत गणलें. तर चरकानें मदात्ययाच्या अध्यायांत मद्य घेणारानें प्रमाण, काळ, अन्न व स्वतःचें बल पाहावें असें सांगितलें. निषेध आणि विधि, दोन्ही आपल्याच ग्रंथांतले.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. पेला दांडीस धरावा. वाटीस तळहात लागला कीं आंतील रस ऊन होतो. वाढणारानें पेला एकतृतीयांशच भरावा, कारण वरची मोकळी जागा सुगंधासाठीं असते. प्रथम रंग पाहावा, मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, आणि नंतर लहानसा घोट क्षणभर तोंडांत घोळवावा. पांढरी वाइन आधीं, तांबडी मागाहून. हलकी आधीं, भारी नंतर. गोड सर्वांच्या शेवटीं. पांढरी सुमारें ८ ते १२ अंश सेल्सियस व तांबडी १५ ते १८ अंशांवर द्यावी. तांबडी खोलीच्याच उष्णतेवर द्यावी हा नियम थंड देशांतील घरांचा आहे. आमच्या वैशाखांत तीहि थोडा वेळ गार करावी लागते. बाटली उघडल्यावर यजमानास पहिला घोट देतात, तो आवड विचारण्यासाठीं नव्हे, तर वाइनला कुबट बुचाचा किंवा शिरक्याचा वास येत नाहीं ना, हें पाहण्यासाठीं. अनेक वाइनी पारखावयाच्या असतात तेथें थुंकण्याचें भांडें ठेवलेलें असतें. आपणांस हें ओंगळ वाटेल. परंतु बुद्धि ताळ्यावर राहावी म्हणून ती सोय आहे, आणि तिचा उपयोग करणें असभ्य मानीत नाहींत.

सर्वांत महत्त्वाची रीत नकाराची. वाढणारा जवळ आला म्हणजे ‘नको, आभारी आहें’ एवढें शांतपणें म्हणावें. कारण सांगण्याची, प्रकृतीचें निमित्त काढण्याची गरज नाहीं. शुभेच्छेसाठीं पेले उंचावतात तेव्हां पाण्याचा पेला उंचावला तरी चालतो. यजमानासहि एक सांगणें आहे. आपल्या पंक्तींत जिलबीचा आग्रह शोभतो, पेल्याचा शोभत नाहीं. ज्यास गाडी चालवीत घरीं जावयाचें आहे, त्यास तर विचारूंहि नये.

जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं. म्हणून कोणीं घ्यावी अशी शिफारस आम्ही करीत नाहीं. मात्र रीत ठाऊक असणें म्हणजे व्यसनास संमति देणें नव्हे. ज्या घरांत मुलें हा विषय वडिलांपुढें मोकळेपणानें काढूं शकतात, त्या घरचा मुलगा परक्या पंक्तींत नको म्हणतांना अडखळणार नाहीं.