पत्ता कायम, फाइल कुठेही

मागच्या भागात आपण माजी सैनिक मंडळाची वेबसाइट सर्व्हरवर चढवली. आज तिच्यातल्या फाइलींचे पत्ते पाहू.

आधी माझी चूक सांगतो. कुटुंब पेन्शनच्या अर्जाची पीडीएफ मी ‘फाइल्स, २०२१, अर्ज-फायनल-३’ अशा लांबलचक पत्त्यावर ठेवली होती आणि तोच पत्ता पत्रकात छापला. पुढे फोल्डर आवरताना फाइल हलवली. आमच्या एका दिवंगत हवालदारांच्या पत्नी तो पत्ता टाकत राहिल्या आणि त्यांना दिसत राहिलं: ४०४, पान सापडलं नाही.

फौजेत हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. जवानाला पत्र लिहिताना घरचे लोक ठिकाणाऐवजी नाव, युनिट आणि ‘५६ एपीओ’ असं लिहितात. युनिट दुसरीकडे हललं तरी पत्ता बहुधा तोच. पत्र नेमकं कुठे न्यायचं, ते फौजी टपाल बघतं.

वेबसाइटवरही तसंच करा. बाहेरचा पत्ता फक्त ‘पेन्शन-अर्ज’. एनजिनएक्स सर्व्हरमध्ये त्या पत्त्यासाठी एक ‘लोकेशन’ लिहा आणि त्यात ‘अलायस’ देऊन खऱ्या फाइलीची जागा सांगा. उद्या फाइल हलली, तर ही एकच ओळ बदलायची.

तीन गोष्टी सांभाळा.

एक. एनजिनएक्स फाइलीचा प्रकार पत्त्याच्या शेवटच्या ‘डॉट पीडीएफ’वरून ओळखतो. आपल्या पत्त्यात ते नाही. म्हणून त्या लोकेशनमध्ये ‘डिफॉल्ट टाइप’ पीडीएफ असल्याचं लिहा. नाहीतर अर्ज ब्राउझरमध्ये उघडण्याऐवजी नुसता डाउनलोड होऊ शकतो.

दोन. हे काम स्वतःच्या प्रोग्रॅममधून करत असाल, तर वाचकाने टाइप केलेलं नाव फोल्डरच्या नावाला थेट जोडू नका. दोन टिंबं आणि तिरकी रेघ म्हणजे ‘एक फोल्डर वर’. तसं वर चढत कोणी तुमच्या गुप्त फाइलींपर्यंत पोहोचेल. चालणाऱ्या पत्त्यांची यादी ठेवा. यादीत नाव नाही, तर प्रवेश नाही. गेटवरच्या संतरीला आपण हेच सांगतो.

तीन. ‘कॅश-कंट्रोल’मध्ये ‘नो-कॅश’ लिहा. मग ब्राउझर साठवलेली प्रत दाखवण्याआधी सर्व्हरला विचारतो आणि जुना अर्ज कोणाच्या हाती जात नाही.

शेवटचं, जुना पत्ता पुसू नका. तिथून नव्या पत्त्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावा. त्या वहिनींच्या पत्रकातला पत्ता आज पुन्हा चालतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.