हिरवळीतलं जांभळं

न्यू जर्सीत किंवा शिकागोकडे स्थायिक झालेली इंदूरची मुलं एप्रिल संपता संपता घरामागच्या हिरवळीचे फोटो धाडतात. बर्फ जाऊन गवत नुकतं उठलेलं असतं आणि त्यात, कुणीही न लावलेली, जांभळी फुलं जागोजागी उमललेली असतात. हे तिकडचं रानव्हायोलेट. लोकांना त्याचं इतकं अप्रूप, की इलिनॉय राज्याने १९०८ साली शाळकरी मुलांचा कौल मानून व्हायोलेटला राज्यपुष्प ठरवलं. न्यू जर्सीने १९७१ साली तेच केलं. फोटो पाहून रामबागेतली किंवा राजेंद्रनगरातली आजी विचारते, आपल्या बागेत असं काही का उगवत नाही?

उगवतं, पण वसंतात नाही. माळव्यात फेब्रुवारी सरला की काळी माती आकसू लागते आणि पुढे तिला भेगा पडतात. फाल्गुन-चैत्र हा इथे पळसाचा, मोहराचा, बोगनवेलीचा काळ, म्हणजे ज्यांची मुळं खोल त्यांचा. गवताच्या उंचीच्या रोपांचा वसंत मृगाच्या सरींनंतर सुरू होतो आणि श्रावण-भाद्रपदात भराला येतो. इंदूरचा वर्षाचा साधारण पंचाण्णव सेंटिमीटर पाऊस, थोडाफार सोडला तर, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. १९१० साली इंदुरात जन्मलेल्या दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये एकेका मराठी महिन्याचा निसर्ग न्याहाळला. हिरवळीचा हिशेबही त्याच महिन्यांनी मांडावा लागतो. गवतातली फुलं बघायची असतील तर रंगपंचमीला बाहेर पडून उपयोग नाही, नागपंचमीला गुडघे टेकून बघावं.

तसं बघितलं तर व्हायोलेटचा अगदी जवळचा नातलगही भेटू शकतो. त्याचं नाव रतनपुरुष. वीतभर उंच, बुडाशी जरा लाकडी, अरुंद पानांचं हे रोपटं गवतात कुणाच्या ध्यानात येत नाही. फूल आलं की मात्र नजर तिथेच थांबते. पाच पाकळ्यांपैकी चार इतक्या बारीक, की असून नसल्यासारख्या. पाचवी, खालची, एकटीच पंख्यासारखी पसरते, गुलाबी-जांभळी आणि गडद शिरांची. सबंध फूल म्हणजे ती एक पाकळीच वाटावी. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला नाव दिलं, तेव्हा तिला थेट व्हायोलाच्या प्रजातीतच बसवलं होतं. पुढे अभ्यासकांनी प्रजाती वेगळी केली, पण कूळ व्हायोलेटचंच राहिलं. फळ पिकलं की तीन फाकांत उकलतं, तेही व्हायोलेटसारखंच.

रोज पाणी पिणाऱ्या, गालिच्यासारख्या बसवलेल्या हिरवळीत रतनपुरुष सहसा टिकत नाही. त्याला मुरमाड माळ हवा, कुंपणालगतचा निचऱ्याचा पट्टा हवा, इमारत अजून उभी न राहिलेला रिकामा प्लॉट हवा. इंदूरभोवती असे प्लॉट झपाट्याने संपत आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. औषधी म्हणून त्याचं पंचांग वापरतात, म्हणजे तो मुळासकट उपटला जातो, हे आणखी एक संकट. आणि त्याच्यावर जगणारेही आहेत. बागेत संथपणे तरंगणारं, नारिंगी रंगाचं, काळ्या ठिपक्यांचं टॉनी कॉस्टर हे फुलपाखरू आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच्या काटेरी अळ्या कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींची पानं खातात, तशीच रतनपुरुषाचीही. अमेरिकेत फ्रिटिलरी जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या व्हायोलेटच्याच पानांवर वाढतात. दोन खंडांत फुलपाखरांनी एकाच कुळाचा आसरा धरावा, हे मला फुलाच्या रंगाहूनही सुंदर वाटतं.

खुद्द व्हायोलेटही इंदुरात येतं, पण वेगळ्या रूपांत. पंसाऱ्याच्या दुकानात खोकल्याच्या काढ्यासाठी मिळणारा बनफशा म्हणजे हिमालयाकडून आलेली वाळलेली व्हायोलेटची फुलं आणि पानं. आणि हिवाळ्यात रोपवाटिकांमध्ये कुंड्या भरभरून दिसणारी पॅन्सी हीसुद्धा व्हायोलाच, इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात संकर करून मोठी केलेली. होळीच्या उन्हात ती मान टाकते.

आठवड्याला गवत कापलं जात असताना ही रानफुलं टिकतात कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या हिरवळीतल्या व्हायोलेटचं खोड मातीत आडवं पडलेलं असतं. पानं थेट तिथूनच निघतात, त्यामुळे यंत्राचं पातं फिरलं तरी रोप मरत नाही. वसंतातली देखणी फुलं मधमाश्यांसाठी असतात. उन्हाळ्यात हेच रोप दुसऱ्या तऱ्हेची फुलं काढतं. ती पानांखाली, मातीला टेकून येतात आणि कधीच उमलत नाहीत. बंद कळीच्या आतच परागीभवन होतं आणि बी मुबलक धरतं. फळ फुटलं की बी उडून दूर पडतं. बीला एक तेलकट गाठ असते. तिच्यासाठी मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, गाठ खातात आणि बी तिथेच टाकून देतात. भुसभुशीत, सकस मातीत बी आपोआप पेरलं जातं. व्हायोलेट उपटून कंटाळलेल्या माणसांना ते दर वर्षी नव्या जागी का दिसतं, त्याचं उत्तर या मुंग्यांकडे आहे.

हीच न उमलणाऱ्या फुलांची युक्ती आपल्याकडे केना करतो. केन्याची भाजी आणि भजी ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांनाही ही गोष्ट माहीत नसते. वर त्याची निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत विरघळल्यासारखी मिटून जातात. पण केना उपटताना माती थोडी खोल उकरून बघा. मुळांपाशी पांढुरक्या, बारीक फांद्या सापडतील. त्यांच्यावर जमिनीच्या आत, अंधारातच बंद फुलं येतात आणि त्यांत बी तयार होतं. वरचं सगळं शेळीने खाल्लं किंवा यंत्राने कापलं तरी खालचं बी शाबूत राहतं. खुरपणाऱ्या बायका केन्यापुढे हात टेकतात ते उगाच नाही.

श्रावणातल्या हिरवळीत आणखी दोघी हमखास भेटतात. विष्णुक्रांता जमिनीसरशी पसरते. तिची निळी फुलं करंगळीच्या नखाएवढी, मधोमध पांढरट, आणि तीही दुपार होता होता मिटतात. उशिरा उठणाऱ्याला ती दिसतच नाहीत. सहदेवी तिच्यापेक्षा उंच, फिक्या जांभळ्या गोंड्यांची. गोंडे पिकले की पांढऱ्या तंतूंवर बी वाऱ्याने उडतं. गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत विष्णुक्रांता आहे आणि माकाही आहे. दूर्वा तर हिरवळीतलं मुख्य गवतच, म्हणजे आपली हरळी. केरळात दशपुष्पम म्हणून ज्या दहा वनस्पती पवित्र मानतात, त्यांत दूर्वा, माका, विष्णुक्रांता आणि सहदेवी या चारही येतात. आपण भाद्रपदात बाजारातून पत्रीची जुडी विकत आणतो आणि त्याच आठवड्यात माळ्याला सांगून अंगणातली विष्णुक्रांता खरपतवार म्हणून उपटून टाकतो. हे थांबायला हवं.

हिरवळ म्हणजे एकाच गवताचा सलग हिरवा रंग, ही समजूत फार जुनी नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आधी गवताच्या बियाण्यात पांढरं क्लोव्हर मुद्दाम मिसळत असत. युद्धानंतर २,४-डी हे तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानांच्या वनस्पती मारतं आणि गवताला हात लावत नाही. क्लोव्हरही त्यात मरू लागलं, आणि मग जे मरतं ते सगळं तण ठरलं, व्हायोलेटसुद्धा. त्या हिरवळीचं चित्र आपण उचललं, पण आपल्या मातीत काय उगवतं याचा विचार त्यात कुठेच नव्हता.

तणाकडे बघण्याची शहाणी नजर खरं तर इंदूरनेच जगाला दिली आहे. १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पालापाचोळा, उपटलेलं तण, कपाशीची काडं, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ते खालीवर करायचे, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. या कामावरचं १९३१चं पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिलं. सेंद्रिय शेतीच्या चळवळीत आजही जगभर ‘इंदूर’ हे नाव घेतलं जातं ते यामुळे. ज्या शहराने तणाचं सोनं केलं, तिथल्या बागांमध्ये आता तणनाशकाची फवारणी व्हावी, हे मला पटत नाही.

अर्थात सगळंच उगवू द्यायचं नसतं. गाजरगवत दिसताक्षणी, फूल येण्याआधी, हातमोजे घालून उपटावं. त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो आणि बाकीच्यांना ते वाढू देत नाही. नागरमोथ्याशी मात्र फार झुंजू नये, त्याच्या गाठी मातीत खोल असतात. आंबुशीची पिवळी फुलं राहू द्यावीत. तिच्या पानांवर पेल ग्रास ब्लू हे इवलंसं निळसर फुलपाखरू अंडी घालतं, आणि मुलांना जमिनीलगत उडणारं फुलपाखरू दाखवायला तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

ज्यांच्या घरापुढे चार हात तरी हिरवळ आहे, त्यांना माझी विनंती आहे. आषाढ लागला की एक कोपरा ठरवा आणि तिथे यंत्र फिरवू नका. बाकीची हिरवळ कापतानाही पातं जरा उंच ठेवा. फवारणी अजिबात नको. माळीदादांना फुलं उमललेली असताना, सकाळी, एकदा बोलावून दाखवा. नुसत्या सूचनेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. रतनपुरुष सापडला तर तो कुंडीत हलवू नका, आहे तिथेच वाढू द्या. गणपतीनंतर लगेच कापणी करू नका, सप्टेंबर संपेपर्यंत थांबा, कारण तोवर बी पिकून खाली पडलेलं असतं. एवढं केलं की पुढच्या मृगानंतर त्याच कोपऱ्यात ही रोपं आपोआप उगवून येतात.