तेल पिणारा कापूस

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ये-जा करणाऱ्या एखाद्या जुन्या गाडीचं बॉनेट उचला. इंजिनावर बसलेल्या काळ्या, चिकट थराला आपण ‘घाण’ म्हणतो आणि मोकळे होतो. त्या थरात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे! त्याचा बेसाल्ट झिजून आपली काळी माती झाली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज म्हणजे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. पावसात ते पाणी ओढून फुगतात म्हणून वावरात पाय रुततो, आणि उन्हाळ्यात आकसतात म्हणून भेगा पडतात. मुलतानी मातीही याच कुळातली, चेहऱ्यावरचं तेल ओढणारी. गॅस्केटमधून ऑइल पाझरलं की उडती धूळ त्यावर बसते, ते शोषते आणि तिथेच थिजते. वर हा थर इंजिनाची उष्णताही कोंडून धरतो.

यावर नुसतं पाणी मारून उपयोग नसतो. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तेलकट पृष्ठभागावर ते पसरत नाहीत, थेंब होऊन घरंगळतात. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. हजारो रेणू तेलाच्या कणाला वेढतात, तेलाकडची टोकं आत, पाण्याकडची बाहेर. मग तो कण पाण्याबरोबर निघून जातो. बाजारातलं डिग्रीझर हेच काम जास्त जोरात करतं. रिठ्यातलं सॅपोनिनही तेच करतं, पण इंजिनाच्या ऑइलपुढे रिठा थकतो.

अनेक मिस्त्री अजूनही रॉकेल वापरतात. तेलात तेल विरघळतं, त्यामुळे थर झपाट्याने सुटतो हे खरं. पण रॉकेलचा फ्लॅश पॉइंट भारतीय मानकाप्रमाणे किमान 35 अंश सेल्सिअस. त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. मे महिन्यात यवतमाळचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणजे डब्यातलं रॉकेल सावलीतसुद्धा पेटायच्या तयारीत असू शकतं, आणि आपण ते बॅटरीशेजारी फवारणार! पेट्रोलबद्दल तर बोलायलाच नको, त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या कितीतरी खाली आहे. शिवाय दोन्हींमुळे रबरी पाइप फुगतात.

या कामात मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो कापूस. गॅरेजात हात पुसायला जे ‘कॉटन वेस्ट’ असतं, ते सूतगिरण्यांतल्या टाकाऊ धाग्यांचं. पण बोंडातून नुकताच वेचलेला कापूस त्याहून अजब. त्याचा पुंजका पाण्यावर टाका, तरंगत राहतो. तेलात टाका, गटागटा पितो. प्रत्येक तंतूवर मेणाचा पातळ लेप असतो, वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि तेवढाच पाण्याला दूर ठेवायला पुरतो. दवाखान्यातल्या कापसाचं हे मेण मुद्दाम काढून टाकतात, म्हणून तो पाणी शोषतो. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठातले शेषाद्री रामकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की कमी मायक्रोनेअरचा, म्हणजे नीट न पिकलेला कच्चा कापूस स्वतःच्या वजनाच्या तीसपटीहून अधिक कच्चं खनिज तेल धरून ठेवतो. ज्या कापसाला जिनिंगवर भाव पाडून मागतात, तोच तेल पिण्यात वरचढ!

म्हणून माझं मत असं की पाण्याला हात लावण्याआधी कोरडं पुसून घ्यावं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इंजिनाचा कंट्रोल युनिट आणि हवा आत घेणारं तोंड यांवर प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्यात. मग ब्रश, चिंध्या, कापूस. उरलेल्या थरावर डिग्रीझर, सुकायच्या आत ब्रश, आणि शेवटी हलक्या धारेचं थोडंसं पाणी. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन इथे नको: ती धार सील ओलांडून कनेक्टरमध्ये शिरते. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरपर्यंत गेलं तर आणखी वाईट, कारण पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

धुतलेलं पाणी नालीत सोडू नये, कारण थोडंसं तेलही पाण्यावर दूरवर पसरतं. शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तेव्हा ते सुमारे अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठ्यांवर पसरलं. हे त्याने 1774 मध्ये छापून सांगितलं. वापरलेलं ऑइल आपल्याकडे 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. तेलकट कापूसही चुलीत घालू नये, आणि बॉनेटखाली एकही बोळा विसरू नये. सायलेन्सरच्या पाइपाला टेकला तर आग लागू शकते.

पिशव्या काढून, कनेक्टर हवेने फुंकून, सगळं नीट वाळलं की तार जोडून इंजिन काही मिनिटं चालू ठेवावं. आता गळती शोधणं सोपं: संशयाच्या जागी थोडी टाल्कम पावडर भुरभुरायची, एक फेरी मारायची. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून ओल्या जागांतली सगळ्यात वरची आणि पुढची जागा आधी तपासायची.