तगरचा बाजार आणि देवीची ओटी

लहानपणी तुळजापूरला गेलो की आई-आजी दर्शनाच्या रांगेत लागायच्या आणि आम्ही पोरं बाजारात अडकायचो. महाद्वाराच्या अलीकडचा तो बाजार कुणाला सांगायला नको. हळदी-कुंकवाचे ढीग, परड्या, पोत, टाक, बांगड्या आणि दुकानाच्या दारावर पडद्यासारख्या लोंबणाऱ्या कवड्यांच्या माळा. समुद्रापासून इतक्या लांब, पाण्यासाठी कायम आभाळाकडे बघणाऱ्या मुलखात एवढ्या कवड्या येतात कुठून, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे. आजीचं उत्तर ठरलेलं होतं: "देवीला आवडतात, म्हणून येतात."

पुढे या प्रश्नाच्या मागे लागून मी तेरला पोचलो. धाराशिवपासून जेमतेम वीस किलोमीटरवरचं, तेरणेकाठचं हे गाव वारकऱ्यांना गोरोबाकाकांमुळे ठाऊक असतं. बाकीच्यांना बहुधा नसतंच. नळदुर्गचा पाणीमहाल, परांड्याच्या तोफा, धाराशिवची लेणी अशी पोराबाळांना घेऊन करायची ठिकाणं या जिल्ह्यात चांगली आहेत. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तेव्हा ती इथं सोडून देतो.

तेरचं सगळ्यात जुनं कागदपत्र ग्रीक भाषेत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून तांबड्या समुद्रामार्गे व्यापार करणाऱ्या कुणा अनामिकानं लिहिलेलं हे टिपण ‘पेरिप्लस’ या नावानं ओळखलं जातं. शैलीबिली काही नाही. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, वारा कधी फिरतो, एवढंच. ग्रंथापेक्षा वाणसामानाच्या यादीला ते जवळचं आहे आणि म्हणूनच मला जास्त विश्वासाचं वाटतं. बढाई मारणारा माणूस हत्तींबद्दल लिहितो, धंदा करणारा भावाबद्दल. या यादीच्या एक्कावन्नाव्या परिच्छेदात दख्खनचे दोन मोठे बाजार येतात. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर. तिथून गाड्यांवर घालून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून माल भडोचला उतरतो. पैठणहून अकीकासारखे दगड येतात. तगरहून पुष्कळसं जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि ‘मोलोखिना’ नावाचं एक वस्त्र येतं. समुद्रकाठच्या भागातून तगरला येऊन पडणारा मालही याच वाटेनं जातो.

मोलोखिना म्हणजे नेमकं काय, यावर भाषांतरकारांचं एकमत नाही. 1912 साली शॉफनं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा एका वनस्पतीच्या नावावरून त्याचा अर्थ लावला. 1989 साली कॅसननं ते नाव तसंच ठेवून दिलं. मला कॅसनचा मार्ग प्रामाणिक वाटतो.

मोठं भांडण झालं ते मात्र गावावरून. शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला अभिमानानं ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात. म्हणजे तगर हे काही ग्रीकाच्या कानानं बिघडवलेलं नाव नव्हतं, गाव खरोखर होतं. पण कुठं? अठराव्या शतकाच्या शेवटी विल्फर्डनं देवगिरीकडे बोट दाखवलं. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं. रा. गो. भांडारकरांना धारूर पटत होतं. ज्याला जे गाव ठाऊक, त्याच्या दारात तगर, अशी ही शंभर वर्षं गेली. 1901 साली जे. एफ. फ्लीटनं तेरचं नाव पुढं केलं आणि पाठोपाठ हेन्री कझिन्सनं तेरवरचा आपला लेख पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात छापला. त्यानंतर वाद जवळजवळ मिटला.

तगरचं तेर कसं होतं, हे मराठी माणसाला खरं तर व्याकरण न उघडता कळायला हवं. ‘नगर’चं नयर आणि नयरचं नेर झालं, त्यातून अमळनेर, संगमनेर ही नावं आली. तसंच तगरचं तयर, तयरचं तेर. दिशेचा घोळ मात्र राहतोच. ग्रीक व्यापारी ‘पूर्वेला’ म्हणतो आणि तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, पूर्वेपेक्षा दक्षिणेकडेच जास्त. पण सरळ रेषेत दीडशे किलोमीटर अंतर आणि दहा दिवस हा हिशेब बैलगाडीच्या चालीला बरोबर बसतो. स्वतः तिथं न गेलेला, भडोचच्या पेढीवर बसून ऐकीव माहिती टिपणारा माणूस दिशा चुकेल. दिवस चुकणार नाही, कारण भाडं दिवसांवर असतं.

एवढं सगळं विद्वानांनी केलं. पण तगरचा बाजार आज डोळ्यांनी पाहता येतो तो त्यांच्यामुळे नाही, तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. पावसाळ्यात पांढरीच्या टेकाडांवरून माती वाहून जाते आणि मणी, खापरं, मातीची मुंडकी उघडी पडतात. तेरच्या माणसाला यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की एका माणसानं त्या वस्तू जपायच्या ठरवल्या. लामतुरे पदवीधर पुरातत्त्वज्ञ नव्हते. पण 1960 साली ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेटनं ‘तेर’ नावाचं छोटेखानी पुस्तक काढलं, ते त्यांच्याच संग्रहाच्या जोरावर. पुढं तो संग्रह शासनाकडं आला आणि त्यांच्याच नावाचं संग्रहालय तेरमध्ये उभं राहिलं. ज्याच्या त्याच्या नावानं चौक आणि उड्डाणपूल होत असतात. हे एक नाव मात्र योग्य जागी लागलं आहे.

संग्रहालयात पोरांना आधी केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांसमोर उभं करावं. दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी दाबायची, मग दोन्ही जोडायच्या. आतून पोकळ, बाहेरून घोटीव. डोक्यावर भरगच्च केशभूषा, कानांत जड कुंडलं. साचा आला म्हणजे एकाच बाहुलीच्या कितीतरी प्रती आल्या, म्हणजेच गिऱ्हाईक आलं. हा दरबारासाठी नव्हे, बाजारासाठी केलेला माल आहे. शेजारी शंखाच्या बांगड्या आणि मणी. तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकलाही सापडल्या आहेत, गळ्यात घालायच्या. सोन्याचं नाणं परवडत नाही त्यानं मातीचं घालावं, ही सोय दोन हजार वर्षांपूर्वीही होती. तुळजापूरच्या बाजारातल्या सोनेरी मुलाम्याच्या दागिन्यांना नाक मुरडण्याआधी हे आठवावं.

आणि मग ती हस्तिदंती स्त्री. 1938 साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलेली. तिला ‘लक्ष्मी’ म्हणायची चाल पडली, पण दागिन्यांखेरीज अंगावर जवळजवळ काही नसलेली ही बाई लक्ष्मीपेक्षा यक्षी असण्याचाच संभव अधिक. तेरला मिळालेली हस्तिदंती मूर्ती तिच्याच कुळातली आहे. पाँपेईची मूर्ती तेरला घडली असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नये. तसलंच हस्तिदंत जालना जिल्ह्यात भोकरदनलाही सापडलं आहे. पण या भागातले कारागीर त्या घडणीचं काम करत होते, एवढं पुरेसं आहे.

संग्रहालयातून निघून त्रिविक्रम मंदिराकडे जावं. विटांचं, मागून अर्धगोल, छत गजपृष्ठाकार. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं, असं कझिन्सला वाटलं होतं. तिथून गोरोबाकाकांच्या समाधीकडे. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवणारा आणि थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते सांगणारा हा कुंभार याच गावचा. मातीच्या बाहुल्या आणि तो यांच्यात हजाराहून अधिक वर्षांचं अंतर आहे, ओढूनताणून नातं जोडायचा मोह मी आवरतो. थापटणं मात्र तेच.

एक गोष्ट मला तेरला मिळाली नाही: कापड. ग्रीक व्यापाऱ्यानं ज्यासाठी तगरचं नाव घेतलं ती मलमल मातीत टिकत नाही. बाहुल्या उरल्या, बांगड्या उरल्या, मुख्य माल गेला.

त्याच संध्याकाळी तुळजापूरला उतरलो. कवड्यांच्या माळा ओवत बसलेल्या एका बाईंना मी तो लहानपणचा प्रश्न विचारला. मावशी हसल्या. "समुद्रातून येतात की. आमच्याकडं व्यापारी घेऊन येतो, आम्ही फक्त ओवतो." आराध्यांच्या गळ्यात पडणाऱ्या या माळेला अलीकडं भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. कवडी बाहेरची, मान गावाचा. एके काळी हिंदी महासागरातल्या कवड्यांचं मोठं आगर मालदीव होतं आणि तिथली कवडी चलन म्हणून बंगालपासून आफ्रिकेपर्यंत फिरत होती.

"ओटी घ्यायची का?" त्यांनी विचारलं. घेतली. दुरडीत खण, नारळ, हळद-कुंकू, बांगड्या, वर एक छोटी कवड्यांची माळ. खण कुठल्या मागावरचा, ते त्यांना सांगता आलं नाही. नारळ कोकणपट्टीतला असेल किंवा त्याहून खालचा. पायऱ्या उतरताना मी ग्रीकाच्या यादीशी दुरडी ताडून पाहत होतो: कापड, आणि समुद्रकाठून आलेला माल. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ दादा, नारळ सांभाळा, पडंल!"